डायपर बघून जहाज, झोप बघून कॅबिन

पहिल्या क्रूझच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जहाजावरच्या तलावाच्या काठाशी हातात पोहण्याचा डायपर घेऊन उभी होते. थोरली तेव्हा दोन वर्षं दोन महिन्यांची होती. नवाकोरा पोशाख, डोक्यावर टोपी आणि पाण्याकडे बोट दाखवून "पानी! पानी!" हा एकच घोष. तलावावरच्या मदतनिसाने अदबीनं पाटीकडे हात केला. डायपर लागणाऱ्या मुलांना पाण्यात उतरता येणार नाही, असं तिच्यावर लिहिलं होतं.

"हा पोहण्याचाच आहे, पाण्यात फुगत नाही," मी म्हटलं.

"तोही चालत नाही, मॅडम."

ते जहाज आम्ही कशावरून निवडलं होतं? तर घसरगुंड्यांच्या फोटोंवरून. तीन मजले उंच रंगीत घसरगुंड्या, पाण्याच्या बादल्या आणि खाली खिदळणारी पोरं. त्या फोटोतलं एकही पोर दोन वर्षांचं नव्हतं, हे मला त्या काठावर उभं राहिल्यावर दिसलं. दुपारी मुलांच्या क्लबात गेलो. तिथे कळलं, वय तीन पूर्ण हवं आणि मूल स्वतःहून शी-शू सांगणारं हवं. आमची दोन्ही परीक्षांत नापास. मग सात दिवस आम्ही आळीपाळीनं तिला कडेवर घेऊन डेकवर फेऱ्या मारल्या. समुद्र भरपूर बघितला.

कॅबिनची कथा त्याहून वरची. आम्ही 'गॅरंटी' प्रकारचं आरक्षण केलं होतं. यात खोलीचा प्रकार तुम्ही ठरवता, नेमकी खोली कंपनी देते आणि त्या बदल्यात भाडं कमी पडतं. कंपनीनं दिली ती तलावाच्या डेकच्या बरोबर खाली. पहाटे पाचला डोक्यावर आरामखुर्च्या ओढायला सुरुवात व्हायची. एक ओढली की दुसरी, अशा शेकड्यानं. थोरली पहिल्या खुर्चीला उठायची आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत रडायची. गॅरंटी हा प्रकार वाईट नाही. दोघंच असू तर आम्ही पुन्हाही घेऊ. पण ज्या घरात एका माणसाची दुपारची झोप मोडली की उरलेल्या सगळ्यांचा दिवस मोडतो, त्या घरानं खोली नशिबावर सोडू नये.

दोन वर्षांनी पुन्हा जायचं ठरलं तेव्हा थोरली चार वर्षांची होती, धाकटा वर्षाचा होऊ घातला होता आणि सोबत सासूबाई येणार होत्या. नवऱ्यानं शिरस्त्याप्रमाणे एक भला मोठा तक्ता केला. सव्वीस रकाने होते त्यात. घसरगुंड्या किती, रेस्टॉरंटं किती, रात्रीचे कार्यक्रम कुठले. मी तो तक्ता बाजूला ठेवला आणि वहीच्या पानावर लिहिलं : डायपरवाल्याला पाण्यात जाता येतं का? एक वर्षाच्या मुलाला कोणी तासभर सांभाळतं का? आणि दुपारी एक ते तीन अंधार आणि शांतता मिळेल का? बाकी सगळं नंतर, असं मी जाहीर केलं.

पाण्याचं आधी सांगते, कारण तिथेच आमचं नाक कापलं गेलं होतं. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी जहाजांची स्वच्छता तिथली सीडीसी ही आरोग्य यंत्रणा तपासते. तपासणी न सांगता होते आणि शंभरपैकी गुण मिळतात. ८५ किंवा त्याहून कमी मिळाले तर जहाज नापास, आणि हे गुण कोणालाही बघता येतात. त्यांच्या नियमांत डायपर लागणाऱ्या मुलांना साध्या तलावात बंदी आहे, पोहण्याचा डायपर असला तरी. तान्ह्यांसाठी वेगळं बनवलेलं, स्वतंत्र गाळणी असलेलं पाण्याचं अंगण असेल तर तिथे मात्र त्यांना सोडता येतं. असं अंगण डिस्नीच्या जहाजांवर आहे, रॉयल कॅरिबियनच्या बऱ्याच जहाजांवर आहे, पण कोणत्याही कंपनीच्या सगळ्याच जहाजांवर असेलच असं धरून चालू नये. आम्ही कंपनीचं नाव न बघता जहाजाचं नाव घेऊन विचारायला लागलो, तेव्हा कुठे सरळ उत्तरं यायला लागली.

कंपनी आणि जहाज यांतला हा फरक आधी माझ्या लक्षातच आला नव्हता. काही कंपन्या तर मुलं घेतच नाहीत. व्हर्जिन व्हॉयेजेस आणि व्हायकिंग यांची जहाजं अठरा वर्षांवरच्यांसाठीच आहेत, ती नावं पहिल्या संध्याकाळीच खोडली. पण ब्रिटनच्या पी अँड ओचं बघा. त्यांची काही जहाजं मुलाबाळांनी गजबजलेली आणि 'आर्केडिया' व 'ऑरोरा' ही दोन फक्त मोठ्यांसाठी. कंपनी एकच. स्वस्त दिसतंय म्हणून भलत्या जहाजाचं पान उघडून बसलो असतो तर शेवटच्या पायरीवर मुलांची वयं टाकताना फजिती झाली असती.

मग वय. बहुतेक कंपन्यांत बाळ किमान सहा महिन्यांचं लागतं. महासागर ओलांडणाऱ्या किंवा सलग तीन किंवा जास्त दिवस समुद्रातच असणाऱ्या सफरींना मात्र बारा महिने पूर्ण हवेत, असा नियम रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांचा आहे. कारण उघड आहे. जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो, पण तो बालरोगतज्ज्ञ नसतो आणि किनाऱ्यावरचं रुग्णालय तीन दिवस लांब असतं. वय मोजतात ते जहाज सुटण्याच्या दिवशीचं, आरक्षणाच्या दिवशीचं नाही. आम्हाला आवडलेल्या एका सफरीच्या दिवशी धाकटा अकरा महिने आणि वीस दिवसांचा होत होता. मी फोनवर दहा दिवसांसाठी थोडी घासाघीस करून पाहिली. पलीकडच्या बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ताई, संगणकच घेत नाही." तो विषय तिथे संपला. आम्ही तारीख दोन महिने पुढे नेली. झालं ते बरंच झालं. या वयातली मुलं दोन महिन्यांत बरीच माणसात येतात.

सांभाळण्याचा प्रश्न सगळ्यांत किचकट निघाला, कारण जाहिरातीत सगळीकडे 'मुलांसाठी क्लब' एवढंच लिहिलेलं असतं. बारीक अक्षरं वाचली की चित्र पार वेगळं दिसतं. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन यांचे मुख्य क्लब तीन वर्षांपासून पुढे. नॉर्वेजियनमध्ये तीनखालच्यांसाठी 'गपीज' नावाचा खेळायचा तास असतो, पण तिथे आईबापांनी सोबत बसायचं. म्हणजे खेळणी त्यांची, पाठ आपली दुखणार. कार्निव्हलचा क्लब दोन वर्षांपासून घेतो आणि डायपरही बदलतो. ही सोय कोणी फारशी मिरवत नाही, पण दोन ते तीनमधल्या मुलाच्या आईला तिची किंमत विचारा. आमची थोरली त्या पहिल्या सफरीत नेमकी त्या वयात होती. त्याहून लहान बाळांसाठी डिस्नीच्या जहाजांवर आणि रॉयल कॅरिबियनच्या बहुतेक जहाजांवर सहा महिने ते तीन वर्षं वयाचं पाळणाघर आहे. त्याचे तासावर वेगळे पैसे पडतात आणि जागा मोजक्या असतात. पी अँड ओच्या मुलांच्या जहाजांवर रात्रीचं पाळणाघर असतं. तिथे बाळाला झोपवून आईबाप निवांत जेवायला जाऊ शकतात. हे वाचून नवरा इतका हळवा झाला की सफर कुठे जाते हे न बघताच त्यानं जहाजाचं नाव लिहून घेतलं.

मध्येच त्याला मोठ्या जहाजाचा मोह पडला. 'आयकॉन ऑफ द सीज' जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालं. एका खोलीत दोघं धरली तर ५,६१० प्रवासी, सगळ्या खाटा भरल्या तर ७,६००. त्यावर 'सर्फसाइड' नावाचा भाग लहान मुलांच्या कुटुंबांसाठीच आखला आहे. खेळणं, पाणी, खाणं, सगळं एकाच ठिकाणी. कल्पना मला मनापासून आवडली. मुलांचं पाणी एका टोकाला आणि बशीत वाढून घ्यायचं दुसऱ्या टोकाला, हा त्रास आम्ही भोगलेला होता. पण जहाज जवळजवळ ३६५ मीटर लांब. झोपेला आलेलं मूल, बाबागाडी, लिफ्टसमोर आणखी चार बाबागाड्या आणि पुढे तो न संपणारा बोळ, हे डोळ्यांसमोर आलं. धाकटा सहा वर्षांचा झाला की जाऊ, असं ठरवून आम्ही मध्यम आकाराच्या जहाजावर आलो. कंपनी कोणती ते मुद्दाम सांगत नाही. आमच्या मुलांच्या वयांना ती बसली. तुमच्या मुलांची वयं वेगळी असतील तर तुमचं उत्तरही वेगळं येईल.

आता कॅबिन. इथे आमचे तीन आठवडे गेले.

पाच माणसं एका खोलीत मावतील का, हा पहिला प्रश्न होता. पाच जणांच्या खोल्या बहुतेक जहाजांवर थोड्याच असतात आणि त्या आधी संपतात. चार जणांच्या पुष्कळ मिळतात : एक मोठा पलंग, एक सोफ्याचा पलंग आणि छतातून खाली उतरणारा बंक. बाळाला पाळण्यात ठेवलं तरी ते माणसांत मोजतात. हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पाळणा म्हणजे सामान, असं आमचं गृहीतक होतं. पण माणूस एक दिवसाचा असो की ऐंशी वर्षांचा, लाइफबोटीत त्याला एक जागा लागतेच.

सासूबाईंना वेगळी खोली घ्यायला त्या तयार नव्हत्या. "मला एकटीला कशाला खोली? सोफ्यावर पडेन मी." म्हणून एका संध्याकाळी नवऱ्यानं बैठकीच्या खोलीतलं सामान भिंतीला लावलं आणि जमिनीवर खडूनं कॅबिन आखली. १७० चौरस फूट, बाथरूम धरून. पलंगाच्या जागी सतरंजी, सोफ्याच्या जागी दुसरी सतरंजी, ती अंथरल्यावर सोफा उघडल्यावर होतो तेवढी रुंद. पाळणा म्हणून कपड्यांची मोठी टोपली. थोरलीनं खडूच्या दारातून आत-बाहेर करायला सुरुवात केली आणि रेषेवर पाय पडला की "आऊट!" असं ओरडायला लागली.

"आता रात्रीचे दोन वाजलेत," मी म्हटलं. "आई, तुम्हाला बाथरूमला जायचंय. धाकटा झोपलाय."

सासूबाई सोफ्याच्या सतरंजीवरून उठल्या. एका बाजूला टोपली, दुसऱ्या बाजूला पलंगाचा कोपरा. त्यांनी साडी आवरली, पाय उचलला, टोपली ओलांडायच्या बेतात एका पायावर थांबल्या आणि तशाच खाली बसून हसायला लागल्या. "दोन खोल्या घे," म्हणाल्या.

तो खडू पुसायला मला दोन दिवस लागले, पण ज्यांना लहान मूल घेऊन जायचंय त्यांनी हा उद्योग जरूर करावा. संकेतस्थळावरचे कॅबिनचे फोटो कोपऱ्यात चढून काढल्यासारखे असतात. त्यांत खोलीचा हॉल होतो.

दोन खोल्या म्हटल्यावर हिशेबही बदलला. क्रूझचं भाडं खोलीतल्या पहिल्या दोघांना पूर्ण लागतं, मग दुसरा माणूस चार वर्षांचा का असेना. सवलत असते ती तिसऱ्या-चौथ्याला. 'मुलं फुकट' अशा योजनांतही मूल तिसरं किंवा चौथं असावं लागतं आणि बंदराचे कर भरावेच लागतात. म्हणजे थोरली आजीबरोबर झोपली की तिचं भाडं पूर्ण आणि आमच्यात झोपली की कमी. कर्मचाऱ्यांसाठी रोजची टिपही अनेक जहाजांवर माणशी लागते. काही कंपन्या दोन वर्षांखालच्यांना, काही तीनखालच्यांना ती माफ करतात, काही कोणालाच नाही. शिवाय प्रत्येक खोलीत एक तरी सज्ञान नाव लागतं, कित्येक ठिकाणी ते एकवीस वर्षांवरचं. सासूबाई होत्या म्हणून आमचं भागलं. ज्यांना आजी न्यायची नाही आणि मुलांना शेजारच्या खोलीत झोपवायचंय, ते कागदावर आईला एका खोलीत आणि बाबांना दुसऱ्या खोलीत दाखवतात आणि चढल्यावर जास्तीची किल्ली मागून घेतात. मधलं दार असलेल्या खोल्या असतील तर काही कंपन्या एवढं ताणत नाहीत.

मधल्या दाराच्या खोल्या आम्हीही शोधल्या. एका बाजूला आई, एका बाजूला आजी, मध्ये दार. ऐकायला छान. पण या दारातून आवाज भिंतीपेक्षा सहज येतो आणि दाराजवळची जागा मोकळी सोडावी लागत असल्यामुळे काही खोल्यांत सोफाच नसतो किंवा छोटा असतो. शेवटी बोळाच्या समोरासमोरच्या दोन खोल्या घेतल्या. आमची बाल्कनीवाली, सासूबाई आणि थोरलीची आतली, बिनखिडकीची. आतली खोली सगळ्यांत स्वस्त असते. बाल्कनी आम्हाला शोभेसाठी नको होती. बाळ दुपारी झोपलं की मोठ्यांनी जायचं कुठे? बाथरूममध्ये बसून पुस्तक वाचण्याचा अनुभव पहिल्या सफरीत घेतला होता. काचेच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसता येणं, यासाठी ते जास्तीचे पैसे.

त्या खोल्या जवळजवळ हातातून निसटल्या होत्या. संकेतस्थळावर खोली रिकामी दिसायची, पण तिसऱ्या माणसाचं नाव टाकलं की 'उपलब्ध नाही'. पुन्हा त्याच बाईंना फोन. त्या म्हणाल्या, "ताई, खोली आहे, पण त्या भागातल्या लाइफबोटींचा आकडा भरलाय. पलीकडच्या बाजूला बघते." जहाजाच्या प्रत्येक भागाला ठरावीक लाइफबोटी नेमून दिलेल्या असतात. आजूबाजूच्या खोल्यांत तीन-तीन, चार-चार माणसं आली की कोटा संपतो आणि उरलेल्या खोल्यांत दोघांपेक्षा जास्त घेत नाहीत. शाळेच्या सुट्टीतल्या सफरींना हे हमखास होतं. मुलाबाळांच्या कुटुंबानं लवकर आरक्षण करावं असं सगळे सांगतात. हे कारण मात्र मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं.

डेकच्या नकाशावर आम्ही अक्षरशः भिंग घेऊन बसलो. वरही कॅबिन, खालीही कॅबिन, अशी खोली मला हवी होती. वर तलाव नको, जेवणघर नको, व्यायामशाळा नको. खाली नाट्यगृह किंवा नाचाची जागा नको. अगदी पुढच्या टोकाला नांगर आणि बंदरात शिरताना जहाज आडवं सरकवणारे पंखे पहाटे घरघरतात. अगदी मागे इंजिनाची थरथर जाणवू शकते. मध्यभाग आणि त्यातही खालचे डेक सगळ्यांत कमी हलतात. सीसॉच्या टोकावर बसलेलं पोर वर-खाली होतं आणि मध्यावर बसलेलं जवळजवळ जागेवरच राहतं, तसंच हे. जहाजाला दोन्ही बाजूंना पाण्याखाली पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डाव्या-उजव्या डोलण्याला आवरतात, पुढून-मागून वर-खाली होण्याला फारसे नाही. बोट लागण्याची भीती धाकट्यापेक्षा थोरलीची जास्त होती. दोन वर्षांखालच्यांना बोट क्वचित लागते, दोन ते बारा या वयात जास्त. औषध आधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. ते एकदाच लागलं आणि तेही नवऱ्याला, मोठ्या माणसाचं.

एवढं करून एक गोष्ट निसटलीच. नकाशावर आमच्या खोलीला लागून एक कोरा पांढरा चौकोन होता. नाव नाही, खूण नाही. मला वाटलं भिंत जाड असेल. ती कर्मचाऱ्यांची सामानाची खोली निघाली. सकाळी साडेसहाला दार, ट्रॉली, दार, ट्रॉली. खुर्च्यांपुढे हे काहीच नव्हतं, पण नकाशावरच्या कोऱ्या जागेला कोरी समजू नये.

जहाजावर चढलो तेव्हा पाळणा खोलीत नव्हता. आरक्षणात लिहिलेला, महिनाभर आधी फोन करून पक्का केलेला. खोली सांभाळणारा भला माणूस होता. त्याने तीन डेक पालथे घातले आणि रात्री साडेनऊला पाळणा आला, तोवर धाकटा आमच्या पलंगावर आडवा होऊन झोपून गेला होता. पाळणा लावायची जागा खडूच्या सरावामुळे आधीच ठरलेली होती. बाळाच्या मापाचं लाइफजॅकेट मात्र आठवणीनं मागावं लागलं. सुटण्याआधीच्या सुरक्षा सरावात मुलांच्या मनगटावर लाइफबोटीच्या जागेचा क्रमांक असलेला पट्टा बांधतात. थोरलीनं तो सफर संपल्यावरही आठवडाभर काढू दिला नाही.

बाबागाडीचा घोळ झालाच. आमची ऐसपैस गाडी कॅबिनच्या दारातून उघडी आत जाईना आणि बोळात ठेवायला परवानगी नाही, कारण आग लागली तर वाट मोकळी हवी. रोज घडी, रोज उघड. छत्रीसारखी मिटणारी आणली असती तर नवऱ्याचं एक बोट चेमटायचं वाचलं असतं. कपडे धुण्याचं आम्ही तुलनेत धरलंच नव्हतं. डिस्नी आणि कार्निव्हलच्या जहाजांवर स्वतः धुण्याची यंत्रं असतात, आमच्या जहाजावर नव्हती. आठ दिवस मी बेसिनमध्ये लाळेरी धुतली. वाळवायला चुंबकाचे आकडे कामाला आले. कॅबिनच्या भिंती धातूच्या असतात, त्यांना ते छान चिकटतात. अंघोळीला टबाऐवजी पडदा लावलेला चिंचोळा शॉवर होता. डिस्नीच्या बहुतेक खोल्यांत बाथरूमचे दोन भाग असतात, एकात कमोड आणि दुसऱ्यात टब. तेव्हा ती चैन वाटली होती. धाकट्याला काखेत धरून शॉवरखाली उभी राहिले तेव्हा मत बदललं.

बाल्कनीचा कठडा बघून सासूबाई आधी धास्तावल्या होत्या. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांना २०१० च्या कायद्यानुसार कठडा किमान ४२ इंच लागतो, म्हणजे साधारण १०७ सेंटीमीटर. थोरलीच्या डोक्याच्या वर. पण बाल्कनीत दोन खुर्च्या असतात आणि खुर्चीवर चढलं की कठडा कमरेशी येतो. तिसऱ्या दिवशी थोरलीनं खुर्ची ओढायला घेतली, तशी मी दोन्ही खुर्च्या आत आणल्या. त्यानंतर आम्हाला बसायचं असेल तेव्हाच बाहेर न्यायच्या आणि काचेच्या दाराची वरची कडी कायम लावलेली. बसायचो ते धाकटा झोपल्यावर, एक ते तीन.

ज्या पाळणाघरावरून कंपनी ठरवली, ते आठ दिवसांत एकूण तीन तास वापरलं. तेरा महिन्यांच्या मुलाला आई दाराआड गेलेली चालत नाही, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण जाहिरातीतली बाळं हसत होती. पहिल्यांदा वीस मिनिटांत बोलावणं आलं. दुसऱ्यांदा तास काढला त्यानं, एका ताईच्या खांद्यावर. तान्ह्यांच्या पाण्याच्या अंगणात मात्र रोज सकाळी दोन तास. घोट्याएवढं पाणी, मध्ये एक कारंजं. त्याच्यावर तळहात दाबून धरायचा, पाणी बाजूनं उडालं की दचकायचं, पुन्हा दाबायचं. मी काठावर बसून बघत असायचे आणि माझ्या हातात काही नसायचं. थोरली क्लबात गेली ती आम्हाला ओळख दाखवेनाशी झाली. न्यायला गेलं की "एवढ्यात?" म्हणायची. जेवायला आम्ही पहिली पंगत घेतली होती, संध्याकाळी साडेपाचची. आठच्या पंगतीला थोरली ताटात डोकं ठेवून झोपली असती.

आतल्या खोलीचं कौतुक सांगायचं राहिलं. खिडकी नाही म्हटल्यावर सासूबाईंनी आधी नाक मुरडलं होतं. "कोंदट वाटेल गं." पण आमच्या बाल्कनीवाल्या खोलीत पडद्याच्या फटीतून पहाटेचा उजेड थेट पाळण्यात पडायचा आणि धाकटा पाखरांबरोबर उठायचा. कपड्यांचे चिमटे लावून पडदे जोडेपर्यंत तीन दिवस गेले. समोरच्या खोलीत दिवा मालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नव्हतं. आजी-नात बाथरूमचा दिवा लावून दार बोटभर उघडं ठेवायच्या आणि मेल्यासारख्या झोपायच्या.

शेवटच्या दिवशी आठपर्यंत खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. आम्ही सहापासून आवराआवर करत होतो. साडेसातला समोर जाऊन दार वाजवलं. उत्तर नाही. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. आत मिट्ट काळोख, मागून थोरलीचा घोरण्याचा आवाज, आणि विस्कटलेल्या केसांनी सासूबाई.

"अगं, मध्यरात्री काय दारं वाजवतेस?"